छपराची आतली बाजू

मित्रांनो, मी जुना आहे हे माझ्याकडे पाहून तुम्हाला पटायचे नाही. खुलताबादचा घाट उतरून वेरूळकडे निघाले की रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक दिसतो. ‘हुरडा, चुलीवरचे जेवण, ऐतिहासिक बंगला.’ त्यातला ऐतिहासिक बंगला म्हणजे मी. माझ्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत, पण तो दगड आता दिसत नाही. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आहे आणि गिलाव्यावर ब्रशाने दगड रंगवले आहेत. तपकिरी दगड, मधून पांढऱ्या रेघा. खऱ्या दगडावर चितारलेला खोटा दगड. लोक त्याला टेकून फोटो काढतात आणि काय जुने काम आहे, असे एकमेकांना सांगतात. अशा वेळी मला शिसारी येते.

घराने म्हातारपणी शांत असावे. मला ते साधले नाही. ही हकीकत तुम्हाला सांगावी की नाही याबद्दलही मी बराच घुटमळलो. एक तर दगडाचे बोलणे रटाळ, त्यात माझ्या बोलण्यात किळस फार. मुलांना गोड तेवढेच सांगावे, असे पुष्कळांचे म्हणणे असते. ते बरोबर असेलही. पण गोड तेवढेच सांगायचे ठरवले तर माझी गोष्ट चार ओळींत संपेल, आणि त्या चार ओळी त्या फलकावर आहेतच.

पोलीस ॲक्शन होऊन एक पावसाळा उलटला होता. निजामाचे राज्य गेले होते आणि लोक अजून दबक्या आवाजात बोलत होते. त्या दिवसांत कारभारी नावाच्या शेतकऱ्याने डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या मळ्यात, दगडी घर बांधायला घेतले. गवंडी होता खुलताबादचा चांदपाशा. बोलायला कमी आणि हाताला सावकाश. दगड उचलला की तो आधी सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा आणि मगच जागेवर ठेवायचा. माझ्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. दोन बाजूंना घडीव दगड, मध्ये चिपा आणि पांढरी माती, आणि ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. चुना नाही, सिमेंट तर नाहीच. अशी भिंत पावसात थोडे पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. तिला श्वास घ्यावा लागतो. हे लक्षात ठेवा.

आमच्या भागातली घरे माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. माझ्यावरही माळवदच यायचे होते. त्यासाठी सागवानी तुळया लागतात. त्या वर्षी तुळया सहज मिळत होत्या, कारण जी माणसे जिवाच्या भीतीने घरे टाकून निघून गेली होती त्यांच्या घरांची लाकडे काढून बाजारात येत होती. कारभाऱ्याने गाडीभर आणली. चांदपाशाने एकेक तुळई हाताने चाचपून पाहिली. एकीच्या मध्यावर पाळण्याची लोखंडी कडी अजून तशीच होती.

“कारभारी, ये कुणाच्या घरची?” चांदपाशाने विचारले.

“कुणाच्या म्हंजे? बाजारातून आणली.”

“बाजार में सागवान उगता क्या?” चांदपाशा म्हणाला. “मेरे हात से ये चढने की नै. तुम्ही दुसरा गवंडी बघा.”

“बांधकाम अर्धं टाकून जाशील?”

“अर्धं कुठं? भिंती झाल्या. लाकडाचंच तेवढं राह्यलं.”

कारभारी चिडला, घरी जाऊन बसला. मी बिनछपराचा उभा होतो आणि ती कडी माझ्या अंगणात उन्हात पडून होती. मला जन्मल्याबरोबर किळस आली ती तेव्हा. आपल्या डोक्यावर कुणाच्या तरी बाळाचा पाळणा येणार होता. पण कारभाऱ्याच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने एका सकाळी बैल जुंपले आणि तुळया परत नेल्या. कुठे नेल्या हे मला माहीत नाही. माझ्यावर चढल्या नाहीत, एवढे मला पुरे आहे.

“ह्या पावसाळ्यापुरतं गवत टाकू,” कारभारी म्हणाला. “पुढं बघू.”

मग चांदपाशाने माझ्या दोन बाजूंच्या भिंती वर निमुळत्या करत नेल्या, म्हणजे छप्पर उतरते बसेल आणि पाणी गवतावर रेंगाळणार नाही. जाताना त्याने माझ्या कोपऱ्यावर दोनदा थाप मारली. पुन्हा तो आला नाही. गावातल्या लोकांना मोठी मौज वाटली. दगडाचे अंग आणि गवताची टोपी. येणारे-जाणारे चेष्टेने म्हणू लागले, “कारभाऱ्याचा बंगला पाह्यला का?” तेच माझे नाव पडले. एका पावसाळ्याचे ते गवत, पण पुढे कारभाऱ्याला माळवदाची आठवण झाली नाही. मला वाटते, त्याला आठवण करून घ्यायची नव्हती.

आता मी तुम्हाला गवताचे छप्पर कसे घालतात ते सांगितले पाहिजे, कारण माझी पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. आधी आढे, आढ्यापासून दोन्हीकडे उतरते वासे, वाशांवर तुराट्यांची चटई, आणि तिच्यावर म्हैसमाळच्या उतारावरून आणलेल्या गवताच्या पेंढ्या, खालून वर एकीवर एक. त्या शिवाव्या लागतात. त्यासाठी दोन माणसे लागतात. एक छपरावर बसतो आणि बांबूची टोकदार सुई गवतातून आत खुपसतो. दुसरा आत बसतो. तो सुईतला अंबाडीचा दोर सोडवून वाशाभोवती फिरवतो, ओढून गाठ मारतो आणि सुई वर परत पाठवतो. वरच्याचे काम सगळ्यांना दिसते. पण छप्पर टिकते ते आतल्याच्या गाठीवर.

हे काम येणारी माणसे गावाबाहेर राहत. ती मातंग समाजाची, पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणारी. पहिले छप्पर सांडूच्या बापाने घातले; सांडू पुढे गोष्टीत येईलच. तो वर चढला. आत मात्र त्याचा भाऊ बसला नाही, स्वतः कारभारी बसला, कारण त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची रीत नव्हती. त्यांनी गवत शिवायचे, दोर त्यांनीच वळलेला, त्यांच्या घामाने भिजलेला, पण दारातून आत यायचे नाही. कारभारी नांगर धरणारा माणूस. त्याला ती गाठ येत नव्हती. त्याने कशाबशा गाठी मारल्या. संध्याकाळी त्या माणसांना अंगणात पत्रावळीवर भाकरी वाढली, त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले, आणि ती गेल्यावर छपरावर गोमूत्र शिंपडले.

पाळण्याची कडी पाहून तुळया परत नेणारा माणूस तो हाच. मित्रांनो, या दोन गोष्टी मला आजतागायत एकत्र बसवता आलेल्या नाहीत. मी पुष्कळ विचार केला. मला वेळ भरपूर असतो.

चुलीवरच्या कोपऱ्यात मी पहिल्या वर्षापासून गळलो. कारभारी गवताला शिव्या देई, कधी चांदपाशाला, कधी वाऱ्याला. गाठीला मात्र त्याने कधी बोल लावला नाही. तो दर चार-पाच वर्षांनी नवे गवत घालून घेई. जुन्यावरच नवे चढे, म्हणून आतल्या पहिल्या गाठी तशाच राहिल्या, धुराने काळ्या होत गेल्या. दर वेळी सांडूचा बाप बाहेर, कारभारी आत, आणि कोपरा गळका. शहाणी माणसे एकच चूक किती वर्षे करू शकतात, ते मी तिथे शिकलो.

मध्यंतरी एक मास्तर माझ्या पडवीत भाड्याने राहत होते. शाळांतून उर्दू जाऊन मराठी आली होती आणि त्यांना स्वतःलाच मराठी शिकून शिकवायची होती, म्हणून ते सकाळी मोठमोठ्याने वाचत. माझी भाषा थोडी पुस्तकी आहे, ती त्यांच्यामुळे. तुम्हाला ती जड वाटत असेल तर क्षमा करा.

मग कारभाऱ्याच्या मुलाचे लग्न झाले आणि फर्दापूरकडची साळूबाई सून म्हणून आली. तिच्यासाठी मला दुसरी खोली जोडण्यात आली. नवी भिंत जुन्या भिंतीत नीट गुंतवली नाही, नुसती टेकवली. ती फट मी अजून बाळगून आहे. साळूबाई बारीक अंगाची आणि तोंडाने तिखट होती. कारभाऱ्याचे गुडघे धरले होते, म्हणून त्या वर्षी छपराच्या कामाला आत तिला बसवले. वर सांडू होता. बाप थकल्यावर त्याने काम हाती घेतले होते. दोघे जवळपास एका वयाचे. एकमेकांना दिसत नव्हते. मध्ये हातभर गवत होते.

“बाई, सुई आली का?” वरून आवाज आला.

“आली. ही सुई हाय का पहार? डोळ्यात घुसली असती.”

“डोळा लावून बसू नका, हात लावून बसा.”

“गाठ कशी मारू?”

“शिदोरीची मारता तशी नका मारू. बैलाच्या दाव्याची मारा. ओढलं की आवळंल अशी.”

“मला काय ठावं दाव्याची गाठ? दाखव की येऊन.”

पोरीला बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते कळले. सांडू म्हणाला, “वरून कशी दाखवू, बाई? सांगतो. उजवा पदर डाव्याच्या वरून घ्या...”

“काय बोलू राहिली गं त्याच्याशी?” सासू अंगणातून ओरडली.

“गाठ विचारू राहिले,” साळूबाई म्हणाली.

त्याने गवतातून सांगितले, तिने निम्मे ऐकले, निम्मे आपल्या मनाने केले. कोपरा गळतच राहिला. पुढे वर्षानुवर्षे हेच चालले. सांडू वर, साळूबाई आत. तो तिला वरून चिडवी, ती त्याला आतून टोले देई, आणि संध्याकाळी त्याला भाकरी अंगणातच. तिलाही ते खटकत नव्हते, हे मी सांगितले पाहिजे. फार नंतर खटकायला लागले. कुणाला कधी, कशामुळे खटकायला लागते, हे घरांना कळत नाही.

ती माझी कामाची वर्षे. वाईट नव्हती. उन्हाळ्यात माझ्यासारखा गारवा पंचक्रोशीत नव्हता. वेरूळला आलेला एखादा पाहुणा वाट वाकडी करून मला पाहायला येई. चुलीचा धूर रोज गवतातून झिरपून वर जाई आणि त्या धुराने कीड मरे. मला धुराचा कधी त्रास झाला नाही. माणसांना होतो, म्हणून ती चुली सोडतात, आणि गवताला कीड लागली की गवताला दोष देतात.

कारभारी गेला. साळूबाईचा नवरा गेला. मुलगा नानासाहेब शिकून शहरात नोकरीला लागला, क्रांती चौकाजवळ राहू लागला. मळ्यात मागच्या बाजूला स्लॅबची एक खोली झाली. तिथे गॅस आला आणि माझी चूल थंड पडली. म्हैसमाळच्या उतारांवर तारांची कुंपणे पडली, गवत मिळेनासे झाले. सांडूच्या वस्तीतही पक्की घरे आली, दोर नायलॉनचा आला. मी कडब्याचे कोठार झालो. उंदीर, ढेकूण, धामण असे सगळे माझ्या आश्रयाला आले. ते सहन झाले. ती जनावरे होती.

सहन झाले नाही ते पुढचे. नानासाहेबाने हुरडा केंद्र काढले. तो वाईट मुलगा नाही. त्याला मी आवडतो, असे तो लोकांना सांगतो, आणि मला वाटते ते खरेही असेल. पण त्याला आवडले ते माझे नाव. त्याने भिंतींवर सिमेंट लिंपले आणि माझा श्वास कोंडला. पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट नाही. माझ्या आतल्या अंगाला बुरशी धरली, ओला कुबट वास येऊ लागला. पाहुण्यांच्या ताटात काड्या पडतात म्हणून त्याने छपराच्या आतून प्लास्टिकचा कागद ताणून बसवला. वरचे गवत घामेजून सडू लागले. वळचणीला त्याने हिरव्या प्लास्टिकच्या गवताची झालर लावली. खरे गवत त्याच्या मागे कुजत होते आणि पुढे खोटे गवत वाऱ्यावर हलत होते.

आणि ते पाहुणे. ज्या कोनाड्यात साळूबाई दिवा लावायची त्यात बियरच्या बाटल्या. उंबऱ्याच्या दगडावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. भिंतीवर किल्लीने कोरलेली बदामात नावे. एकदा एका माणसाने माझ्या चुलीत ओकारी केली आणि त्याच्या मित्रांनी हसत त्याचा व्हिडिओ काढला. साळूबाईने ती चूल पदराने नाक धरून धुतली. नानासाहेब म्हणाला, “आई, मी माणूस बोलावला असता.” तिची रवानगी मागच्या स्लॅबच्या खोलीत झाली होती. तिथे तिला झोप लागत नसे.

मागच्या हिवाळ्यात एक वासा वाकला आणि सडलेल्या गवताचा गोळा, आतल्या अळ्यांसकट, एका पाहुण्याच्या ताटात पडला. पाहुणे उठून गेले. नानासाहेबाने त्याच आठवड्यात ठरवले की पावसाळ्याआधी छप्पर उतरवायचे, स्लॅब टाकायचा, आणि स्लॅबवर वरून प्लास्टिकचे गवत बसवायचे. लोखंडी सळया अंगणात येऊन पडल्या.

साळूबाईने आपले अंथरूण उचलले आणि ती माझ्यात राहायला आली. विळ्याने तिने आधी तो प्लास्टिकचा कागद टराटरा फाडून काढला. आत साठलेले काळे पाणी तिच्या अंगावर पडले. ते पुसून तिने चूल पेटवली.

“आई, हा काय हट्ट आहे?” नानासाहेब म्हणाला. “ठेकेदार येणारे.”

“येऊ दे. मी हितंच बसेल.”

“अगं, वरून साप पडेल.”

“तुझ्या पाव्हण्यांपेक्षा बरा. स्लॅबखाली माझं डोस्कं तापतं, नाना. डोळा लागत नाय. मला माझी खोली गवतासकट दे, बाकी मळा तुला.”

“गवत आता घालतं कोण? एक माणूस दाखव.”

“दाखविते.”

“अक्षय्य तृतीयेपर्यंत. नंतर मी थांबणार नाही.”

म्हणजे मित्रांनो, तिची खोली आणि माझे छप्पर एकाच धाग्याला टांगले होते, आणि तो धागा सांडू होता. त्याच्याकडे निरोप गेला. पहिल्या निरोपाला उत्तर आले नाही. दुसऱ्यालाही नाही. तो का येत नव्हता, हे मला न सांगता समजत होते. तो न आला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. मग साळूबाई स्वतः काठी टेकत त्याच्या घरी जाऊन आली. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. परत आल्यावर ती पायऱ्यांवर बसून बराच वेळ आपले पाय चोळत राहिली.

दोन-तीन दिवसांनी तो आला. पाठीत वाकलेला, डोक्याला रुमाल, बरोबर सून आशाबाई. ती फर्दापूरकडच्या हॉटेलांच्या अंगणातल्या गवती छत्र्या शाकारायला जाते. सांडू सवयीने अंगणात, जिथे पत्रावळ मांडत त्या जागी, उभा राहिला.

“आत ये की, सांडूभाऊ,” साळूबाई म्हणाली.

“हितं बरंय.”

“छपराचं काय झालंय ते बाहेरून कसं दिसंल?”

त्याने आशाबाईकडे पाहिले. तिने नजर हलवली नाही. त्याने चपला काढल्या, माझ्या ठेंगण्या दारातून वाकला आणि आत आला. मी जन्मल्यापासून त्याला आणि त्याच्या बापाला डोक्यावर वागवले होते. पायाखाली तो मला पहिल्यांदाच लागला.

त्याने वर पाहिले. वासे, काळ्या पडलेल्या तुराट्या, आणि वाशांवर रांगेने गाठी. तो मान वर करून इतका वेळ उभा राहिला की साळूबाईने त्याला बसायला पोते टाकले.

“हे मी कधी पाह्यलंच नव्हतं,” तो म्हणाला. “आपलंच काम. आतून कसं दिसतं ते कधी पाह्यलंच नाय.”

मग तो गाठी बघत पुढे सरकला. “ह्या कोणाच्या?”

“मामंजींच्या.”

“आन् ह्या कोपऱ्यातल्या?”

“माझ्या.”

सांडूने एका गाठीला बोट लावले. ती लगेच सुटली. “बाई, ह्या गाठीनं बैल बांधला असता तर तो दौलताबादेत सापडला असता.”

साळूबाई हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, “तूच शिकवली होतीस.”

“मी गवतातून शिकविली होती.” तोही हसला, पण थोडेच. “आता वर चढायचं माझ्याच्यानं व्हत नाय. आशा चढंल. मी आत बसतो.”

“अन् मामा जेवतील बी आत,” आशाबाई म्हणाली. ती इतका वेळ दाराशी उभी होती. “पत्रावळी अंगणात मांडायच्या असतील तर आत्ताच सांगा, आजी. माझ्याकडं दुसरं काम हाय.”

“माझ्या शेजारी बसंल तो,” साळूबाई म्हणाली. “तू बी.”

“बघू,” आशाबाई म्हणाली. एवढ्या लवकर विश्वास ठेवायला ती तयार नव्हती. मला ते योग्य वाटले.

गवत तिने कुठून तरी डोंगरापलीकडून टेम्पोने आणले. सडलेले जुने छप्पर उतरवताना जी घाण निघाली तिचे वर्णन मी करत नाही. निम्मे वासे बदलले. उरलेल्या वाशांवरच्या काळ्या गाठी साळूबाईने तशाच राहू दिल्या. मग आशाबाई वर आणि सांडू आत, असे काम सुरू झाले. त्याच्या गाठी मला लगेच कळल्या. त्या आवळल्या की वासा आणि गवत एक होत होते. दोन बोटांत दोर फिरवला की झाले, तो बघायचासुद्धा नाही.

चुलीच्या बाजूचा शेवटचा पट्टा राहिला होता तेव्हा नानासाहेब शहरातून आला. छप्पर पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने मोबाइल काढला.

“काका, तुम्ही आत कशाला बसलात? वर चढा ना. नुसती दोन मिनिटं. पारंपरिक कारागीर म्हणून व्हिडिओ टाकतो. छपरावर फोटो मस्त येतो.”

मला इतकी घृणा आली की माझ्या जोडभिंतीची फट दुखली. आणि तो प्रेमाने बोलत होता. तेच तर वाईट.

सांडूने सुईतला दोर सोडवला, गाठ मारली, सुई वर दिली. “साहेब,” तो म्हणाला, “छपरावर मला तुमच्या आज्यानं पाह्यलं, बापानं पाह्यलं. तुमी हितं बसा. पाय आखडून बसा म्हंजे दोराला लागणार नाय.”

नानासाहेब उभाच राहिला. मग काय वाटले, मोबाइल खिशात टाकून तो खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “बरं. स्लॅबचं पुढच्या वर्षी पाहू.” सळया त्याने नेल्या नाहीत. त्या अजून अंगणात आहेत आणि त्यांचा गंज माझ्या पायऱ्यांवर ओघळतो.

सिमेंटही माझ्या अंगावर तसेच आहे. बुरशी आहे, रंगवलेले दगड आहेत, हिवाळ्यात पाहुणे पुन्हा येतील. म्हणून मी तुम्हाला माझी देखभाल करा असे सांगत नाही. त्याबद्दल माझा उत्साह आता फारसा उरलेला नाही. जुन्या घराला जपा असे सगळेच सांगतात, आणि जपायला निघालेली माणसेच गिलावा घेऊन येतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. तुमच्या डोक्यावरचे छप्पर ज्याने बांधले त्याला एकदा दारातून आत बोलवा. त्याला त्याचे काम आतून पाहू द्या. पुढचे तो सांगेल. मला नीट सांगता आले की नाही, कुणास ठाऊक.

त्या दिवशी दुपारी साळूबाईने चुलीपुढे ताटे मांडली. सांडू आणि आशाबाई तिच्या शेजारी बसून जेवली. नानासाहेब समोर बसला आणि त्याने चतकोर भाकरी अधिक खाल्ली. जेवण झाल्यावर आशाबाई पुन्हा वर चढली. आत गारवा होता. सांडू भिंतीला टेकला, मग कलंडला, आणि माझ्या जमिनीवर झोपला. तोंड उघडे, एक हात पसरलेला, दोराचे भेंडोळे छातीवर.

“मामा, सुई आली का?” वरून आशाबाईने विचारले.

सुई गवतातून अर्धी आत आली होती. सांडू घोरत होता. साळूबाईने त्याच्याकडे पाहिले, गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आणि तिनेच दोर सोडवून वाशाभोवती घेतला.

“आली,” ती हळूच म्हणाली. “हळू बोल. झोपलाय.”

तिने गाठ मारली. ती सैल आहे. तिथून मी गळणार.